विश्लेषण : पंधराव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा! मधली ३५ वर्षे जुन्या मोटारींनी काढायची कशी?

जुन्या मोटारींचे शौकीन कुठेही जमले तरी त्यांच्या गप्पा साधारण तीन वाटांनी जातात. गाडी कोणत्या सालची, तिच्याबद्दल इतरांना ठाऊक नसलेली गोष्ट कोणती आणि तिच्यावर आजवर खर्च किती झाला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरी वेगळे आणि मित्रांमध्ये वेगळे असते, हा या छंदातला जुना विनोद. गेल्या काही वर्षांत मात्र या विनोदाला चिंतेची किनार आली आहे. नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दोनदा वाढले, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आणि दिल्लीत जुन्या वाहनांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. दुसरीकडे, ५० वर्षांवरील वाहनांना सरकारने स्वतंत्र दर्जाही दिला. एकाच गाडीला व्यवस्था आधी भंगार ठरवते आणि नंतर वारसा मानते. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात काय होते, याचा हा आढावा.

‘व्हिंटेज’ नेमके कशाला म्हणायचे?

बोलण्यात कोणतीही जुनी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. जाणकारांच्या लेखी तसे नाही. ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने रूढ केलेल्या वर्गवारीनुसार १९१९ ते १९३० या काळात तयार झालेली गाडीच ‘व्हिंटेज’. त्याआधीच्या गाड्यांना ‘व्हेटरन’ आणि ‘एडवर्डियन’ अशी नावे आहेत, तर नंतरच्या गाड्या ढोबळमानाने ‘क्लासिक’ म्हणून ओळखल्या जातात. या हिशेबाने प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर कधीच ‘व्हिंटेज’ होऊ शकत नाही, मग ती कितीही जुनी होवो.

भारतात तर या शब्दाच्या तीन व्याख्या शेजारी शेजारी नांदल्या. मोटार विम्याच्या जुन्या अखिल भारतीय दरपत्रकात ३१ डिसेंबर १९४० पूर्वी तयार झालेली आणि मान्यताप्राप्त क्लबने प्रमाणित केलेली गाडी ‘व्हिंटेज’ होती. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणात अनेक वर्षे १ जानेवारी १९५० ही सीमारेषा होती. त्याआधी बनलेली गाडीच परदेशातून विनापरवाना आणता येत असे. २०२५ मध्ये ही तारीख मागे पडली आणि ‘उत्पादनापासून ५० वर्षे’ हा निकष आला. मोटार वाहन नियमांनी त्याआधीच, २०२१ मध्ये, पन्नाशीचा निकष स्वीकारला होता. स्थिर तारखेऐवजी सरकते वय आल्यामुळे दरवर्षी नव्या गाड्या या दर्जासाठी पात्र ठरतात. १९७६ मध्ये नोंदवलेली पद्मिनी २०२६ मध्ये कायद्याच्या लेखी ‘व्हिंटेज’ होऊ शकते.

२०२१ च्या नियमांत काय आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. तोपर्यंत देशात अशा वाहनांच्या नोंदणीची एकसारखी पद्धतच नव्हती. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली आणि मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी या दर्जासाठी पात्र आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला असल्यास दर्जा मिळत नाही.

नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. पुढच्या नोंदणीसाठी ५ हजार रुपये लागतात. नंबरप्लेटवर राज्याचा संकेत, मग ‘व्हीए’ ही अक्षरे, त्यानंतर दोन अक्षरांची मालिका आणि चार अंक अशी रचना आहे. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. शौकिनांसाठी ही सवलत फार मोलाची आहे. राज्यांचे आजचे संकेत येण्यापूर्वीच्या काळातील काळी प्लेट आणि तिच्यावरची ‘बीएम’ किंवा ‘एम’ने सुरू होणारी अक्षरे म्हणजे त्यांच्यासाठी गाडीची जन्मपत्रिकाच. 

या दर्जाबरोबर बंधनेही येतात. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच तिला रस्ता मोकळा आहे. घरातल्या फियाटमधून रोज बाजारात जाणाऱ्याला हा दर्जा उपयोगाचा नाही. वर्षातून चार वेळा गाडी बाहेर काढणाऱ्या संग्राहकाला मात्र तो सोयीचा आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण पन्नाशीच्या आधी आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार रुपये झाले. दुचाकीचे शुल्क ३०० वरून एक हजार रुपयांवर गेले, तर आयात केलेल्या मोटारीसाठी ४० हजार रुपये ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील वाहनांसाठी हे दर पुन्हा दुप्पट झाले. आता मोटारीसाठी १० हजार, दुचाकीसाठी २ हजार आणि आयात मोटारीसाठी ८० हजार रुपये मोजावे लागतात. वस्तू व सेवा कर वेगळा. महाराष्ट्रात पंधराव्या वर्षानंतर पर्यावरण करही भरावा लागतो.

ढोबळ हिशेब केला तर चित्र स्पष्ट होते. पंधराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत गाडीला सात वेळा नूतनीकरण करावे लागते. पहिल्यांदा ५ हजार आणि नंतर सहा वेळा १० हजार धरले, तर आजच्या दराने एकूण ६५ हजार रुपये होतात. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० ची किंमत तेव्हा ५० हजार रुपयांच्या आसपास होती. म्हणजे गाडी वारसा ठरेपर्यंत ती केवळ कागदोपत्री जिवंत ठेवण्याचा खर्च तिच्या मूळ किमतीहून अधिक होतो. रुपयाचे मूल्य तेव्हापासून बरेच घसरले हे खरे. पण जुन्या ८०० चा पुनर्विक्रीचा भावही आज फारसा नाही, हेही तितकेच खरे.

हा बोजा सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे बंदिस्त गॅरेज, दोन मेकॅनिक आणि डझनभर गाड्या आहेत, त्याच्यासाठी १० हजार रुपये ही किरकोळ रक्कम. वडिलांची गाडी मोडवत नाही म्हणून ती सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली जपणाऱ्या कुटुंबासाठी तो दर पाच वर्षांनी समोर येणारा प्रश्न ठरतो. बहुतेकदा तिथेच गाडीचा निकाल लागतो.

कोणत्या गाड्या टिकतात आणि कोणत्या जातात?

कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दिमाखात दसरा चौकात येते आणि ती पाहायला गर्दी लोटते. ती गाडी टिकली, कारण तिच्यामागे घराणे होते, राजवाडा होता आणि तिचे मोल पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होते. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, बेंटली किंवा डेमलर यांचीही हीच कथा.

सामान्यांच्या गाड्यांचे तसे नाही. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी क्रायस्लर समूहाच्या आणि पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडल्या. गोलमटोल रूपामुळे मराठी माणसाने जिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले ती त्यातलीच. १९६० च्या दशकात ११०० डिलाइट आली आणि तिचेच पुढे १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरात पोहोचली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. एकेकाळी हजारोंनी धावणाऱ्या या गाड्या बहुतांश भंगारात गेल्या होत्या. त्या दुर्मीळ झाल्याची जाणीव शेवटची गाडी निघाली तेव्हा झाली.

राजाची गाडी ती असते तेव्हाच दुर्मीळ असते, म्हणून ती जपली जाते. सामान्यांची गाडी सर्वत्र दिसते, म्हणून कोणी जपत नाही. पण समाजाचा इतिहास सांगायचा तर दुसरीच गाडी जास्त बोलते. अ‍ॅम्बॅसेडर ही ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड मालिका तीनची भारतीय आवृत्ती. ती पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून थेट २०१४ पर्यंत बनत राहिली. एकाच मूळ आराखड्यावर अर्धशतकाहून अधिक काळ गाडी का बनली, याचे उत्तर परवाना राजमध्ये, आयातबंदीत आणि वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायादीत आहे.

दुचाकींबाबतही हेच. व्हिंटेज नियमांत दुचाकींचा समावेश आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पुण्याजवळ आकुर्डीत बनलेली बजाज चेतक १९७२ मध्ये बाजारात आली. त्या पहिल्या वर्षातल्या चेतकने २०२२ मध्येच पन्नाशी गाठली. म्हैसूरच्या जावा आणि येझदी, एस्कॉर्ट्सच्या राजदूत याही त्याच रांगेत आहेत. १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० मात्र अजून मधल्या टप्प्यात अडकली आहे. शौकिनांच्या बाजारात तिला मागणी आहे, कायद्याच्या लेखी ती नुसती जुनी मोटारसायकल आहे.

मूळ रूपाची अट कुठे अडते?

‘मोठे फेरफार नकोत’ ही अट तत्त्वतः योग्य आहे. जुन्या नावाखाली नवी गाडी बनवून सवलत लाटण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे ‘फिव्हा’च्या, ट्युरिन सनदेतही नव्याने घडवण्यापेक्षा आहे ते जपण्यावर भर आहे. मूळ रंग थोडा उडालेली गाडी चकचकीत रंगवलेल्या गाडीपेक्षा सरस, असे मानणारा वर्ग जगभर वाढतो आहे तो यामुळेच.

भारतीय गाड्यांचा इतिहास मात्र काटकसरीचा आहे. पेट्रोल परवडेना म्हणून अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीमध्ये डिझेल इंजिन बसवून घेणे एकेकाळी सर्रास चाले. नंतर सीएनजी आणि एलपीजीचे संच आले. मूळ सुटा भाग मिळेना म्हणून दुसऱ्या गाडीचा भाग घासून-पुसून बसवला गेला. ज्या जुगाडामुळे या गाड्या चालत राहिल्या, त्यातल्या इंजिनबदलासारख्या फेरफारांमुळेच पन्नाशीनंतर दर्जा नाकारला जाऊ शकतो. मूळ इंजिन शोधून पुन्हा बसवणे हा पर्याय असतो. पण मग खर्चाचा दुसरा अध्याय सुरू होतो.

खर्च नेमका कशावर होतो?

गाडी विकत घेणे हा त्यातला सोपा भाग, असे शौकीन सांगतात ते उगीच नाही. खरा पैसा जातो तो गंजलेल्या पत्र्यावर. गाडी वरून ठीक दिसते. रंग खरवडला की खाली पुट्टीचे थर आणि त्याखाली भोके निघतात. पत्रा कापून नवा बसवणे, डेंटिंग, रंग, बंपर आणि पट्ट्यांवर क्रोम चढवणे, आतील गाद्या व छताचे अस्तर, वायरिंग आणि काचांची रबरे या प्रत्येकाचे कारागीर वेगळे असतात. एकाचे काम संपल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नाही. त्यामुळे सहा महिन्यांचे काम दोन वर्षे चालणे नवलाचे नाही.

सुट्या भागांचे गणितही उलटे असते. इंजिनचे भाग मिळतात, कारण एकच इंजिन अनेक वर्षे बनत होते. मिळत नाही ते दिव्याची काच, दाराची मूठ, स्टीअरिंगवरचे बोधचिन्ह, मीटरची तबकडी. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार येथे या वस्तू शोधत फिरणे हा छंदाचाच भाग आहे. एखादा भाग विकणाऱ्याला त्याचे मोल कळले, की भाव ठरतो घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून!

पैशांहून मोठी टंचाई हातांची आहे. कार्बोरेटरचा आवाज ऐकून जेट साफ करायचा की फ्लोट बघायचा हे सांगणारा, पॉइंटचा गॅप हाताने बसवणारा मेकॅनिक आता साठीच्या पुढे आहे. नवी पिढी स्कॅनर लावून दोष शोधते. स्कॅनर जोडायला या गाड्यांत जागाच नाही. गाडी पन्नाशीपर्यंत पोहोचली तरी ती दुरुस्त करणारा पोहोचेल का, हा प्रश्न शुल्काइतकाच गंभीर आहे.

विम्याचा मुद्दा वेगळाच. पाच वर्षांवरील गाडीची विमा रक्कम विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. जुन्या गाडीवर मालकाने लाखो रुपये खर्च केलेले असले, तरी कंपनी ते मान्य करेलच असे नाही. म्हणून कामाची बिले, छायाचित्रे आणि मूल्यांकनाचा अहवाल जपून ठेवणे गरजेचे ठरते.

इथेनॉलमुळे जुन्या इंजिनांना धोका आहे का?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते. ते अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठले गेले. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या या इंधनाला साजेशा भागांनी बनू लागल्या. पण १९७० किंवा १९८० च्या दशकातील गाडी बनवणाऱ्याने याचा विचार केला असणे शक्यच नव्हते.

इथेनॉलचा स्वभाव पेट्रोलपेक्षा दोन बाबतींत वेगळा आहे. ते हवेतील ओलावा शोषते आणि काही प्रकारच्या रबराला व प्लास्टिकला फुगवते किंवा कडक करते. रोज धावणाऱ्या गाडीत इंधन टिकून राहत नाही, म्हणून त्रास कमी होतो. महिनाभर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत मात्र टाकीच्या तळाशी पाणी साचणे, पत्र्याची टाकी आतून गंजणे, कार्बोरेटर चिकटणे आणि इंधननळी गळणे अशा तक्रारी संभवतात. नळी गळाली तर आगीचाही धोका असतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने मायलेजवरही थोडा परिणाम होतो.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे मान्य केले. हे काम स्वस्त आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होण्याजोगे आहे, असेही सांगितले. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

या वादाला महाराष्ट्रात आणखी एक पदर आहे. इथेनॉलमुळे साखर कारखान्यांना उत्पन्नाचा दुसरा मार्ग मिळाला आणि ऊस उत्पादकाच्या देण्यांचा प्रश्न काहीसा हलका झाला. त्यामुळे जुन्या गाड्यांसाठी संपूर्ण धोरण मागे जाण्याची शक्यता नाही. तशी गरजही नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतील अशी भीती होती. कडक धातूच्या बैठका बसवून ती इंजिने पुढे चालली. आताही इथेनॉल सोसणारी इंधननळी, नवे गॅस्केट आणि गाडी उभी करण्यापूर्वी इंधनाची योग्य व्यवस्था, हे उपाय हाताशी आहेत. खर्चाच्या वहीत मात्र आणखी एक ओळ वाढते.

दिल्लीतील घडामोडींचा इतरांशी काय संबंध?

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना दिल्लीत इंधनच न देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि नागरिकांच्या रोषामुळे काही दिवसांतच थांबला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई नको, असा आदेश दिला. डिसेंबरमध्ये मात्र हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित झाले.

याचा अर्थ दिलासा मिळाला तो जुन्यांमधल्या नव्यांना. कार्बोरेटरच्या काळातील मारुती ८००, कॉन्टेसा किंवा टाटा सिएरा या संरक्षणाबाहेरच राहतात. टाटाने २०२५ च्या अखेरीस ‘सिएरा’ हे नाव नव्या गाडीसाठी पुन्हा वापरले. १९९१ च्या मूळ सिएराची आठवण विकण्याजोगी आहे, पण ती मूळ गाडी राजधानीत चालवण्याजोगी नाही!

महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. तरीही मोठ्या शहरांतील हवा बिघडत गेली, तर दिल्लीचा नमुना इतरत्र मागितला जाईल, अशी धास्ती शौकिनांना आहे.

इतर देश काय करतात?

‘फिव्हा’ किमान ३० वर्षे जुन्या, मूळ रूपात जपलेल्या आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला ऐतिहासिक मानते. जर्मनीत तिशी गाठलेल्या आणि तपासणीत उत्तीर्ण झालेल्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळते. तिला मोटारीसाठी वर्षाला सुमारे १९२ युरो असा एकच ठराविक कर लागतो आणि शहरांतील पर्यावरण क्षेत्रांत प्रवेशही मिळतो. फ्रान्समध्येही संग्राह्य वाहनाची वयोमर्यादा ३० वर्षे आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरील गाडीला रस्ता करातून आणि, मोठे फेरफार नसतील तर, वार्षिक तपासणीतूनही सूट आहे.

या सर्व ठिकाणी सवलतीच्या बदल्यात मूळ रूप जपण्याची अपेक्षा असते. भारतानेही तीच चौकट घेतली, पण वय ५० ठेवले. त्यामुळे म्युनिकमध्ये १९९० ची मोटार वारसा असते आणि त्याच वर्षीची मोटार पुण्यात १० हजार रुपये भरून जगत असते.

गुंतवणूक म्हणून जुनी गाडी घ्यावी का?

मर्सिडीज-बेंझची १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहॉट कूपे मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ११०० कोटी रुपयांना विकली गेली. लिलावात विकली गेलेली ती जगातील सर्वांत महाग मोटार ठरली. १९६२ च्या एका फेरारी २५० जीटीओला नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ कोटी १७ लाख डॉलर मिळाले. अशा बातम्या वाचून घरातील जुन्या गाडीकडे आशेने पाहणारे कमी नाहीत.

उलेनहॉट कूपे जगात दोनच बनल्या, २५० जीटीओ चाळिशीच्या आत. मारुती ८०० पंचवीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या. सामान्य जुन्या गाडीवर केलेला खर्च तिच्या विक्रीतून क्वचितच वसूल होतो. हौसेला मोल नसते, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. ज्यांना नफा हवा आहे त्यांच्यासाठी इतर मार्ग आहेत.

म्हणूनच धोरणाची जबाबदारी वाढते. दुर्मीळ आणि महाग गाड्या बाजारच जपतो. सामान्य गाड्या जपल्या जातात त्या केवळ हौसेवर आणि हौसेची ताकद दर पाच वर्षांनी तपासली जात आहे.

आक्षेप काय आहेत आणि मार्ग काय?

जुन्या गाड्यांना मोकळीक देण्यास होणारा विरोध निराधार नाही. कार्बोरेटरची, उत्प्रेरक यंत्रणा नसलेली गाडी दर किलोमीटरमागे आजच्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक धूर सोडते. तिच्यात एअरबॅग नाही, अनेकदा मागे सीट बेल्टही नाही. ‘वारसा’ या नावाखाली हजारो खटारा गाड्या रस्त्यावर राहिल्या तर त्याची किंमत रस्त्यालगत राहणाऱ्यांची फुप्फुसे मोजतील. शुल्कवाढीमागचा हेतूही हाच आहे.

पण हवेला फरक पडतो तो गाडी किती चालते यामुळे. वर्षाला काही शे किलोमीटर धावणारी जपलेली पद्मिनी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारा जुना टेम्पो यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. व्हिंटेज नियमांनी ही गोष्ट आधीच मान्य केली आहे, म्हणून तर तिथे वापरावर बंधन घालून दर्जा दिला जातो. तोच सौदा ३० वर्षांवरील गाड्यांना देऊ करता येईल. रोजचा वापर सोडा, मूळ रूप जपा, तपासणी करून घ्या आणि त्या बदल्यात नूतनीकरणाचे शुल्क माफक ठेवा. ज्यांना गाडी रोज चालवायची आहे, त्यांना आजचे दर लागू राहतील. वापराची मर्यादा पाळली जाते का, हे मीटरच्या वार्षिक नोंदीवरून तपासता येईल. पळवाट काढणारे निघतील. पण ती शक्यता पन्नाशीच्या गाड्यांबाबतही आहेच.

निर्णयासाठी वेळ फार नाही. पहिल्या मारुती ८०० ची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली. ती गाडी आज कंपनीच्या मुख्यालयात सुरक्षित आहे. तिच्या बहिणी २०३३ च्या अखेरपासून पन्नाशी गाठू लागतील. तोवर त्यांच्यातल्या किती रस्त्यावर उरतात, हे आता आरटीओच्या खिडकीवर भरल्या जाणाऱ्या पावत्यांवर ठरत आहे.